टेकन नव्यानं खेळताय? तगड्या बायकांपैकी आपली कुठली, ते असं ठरवा

निपाणीला मामाच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत मी पहिल्यांदा टेकन ३ हा दोघांनी समोरासमोर मारामारी करायचा व्हिडिओ गेम बघितला. मामेभावानं दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला, अर्थातच बटणं बसलेला. वर म्हणाला, "पोरगीला पोरगीच बरी, ही घे." त्या गेममध्ये सुरुवातीला दहा खेळाडू उघडे असायचे आणि त्यात बायका दोनच, नीना आणि शाओयू. मी शाओयू घेतली. त्यानं एडी घेतला. टेकन ३ खेळलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. एडीची लाथेची दोन बटणं बडवत राहिलं की समोरचा जमिनीवरच लोळतो. अख्खी सुट्टी मी लोळले.

मधे बरीच वर्षं गेली. आता माझ्या भावाची तेरा वर्षांची पोरगी माझ्याकडे शिकायला येते आणि पहिला प्रश्न तोच विचारते जो सगळे विचारतात: "आत्या, सगळ्यात स्ट्राँग बाई कुठली गं?" तिला जे सांगितलं तेच इथं क्रमानं लिहिते. चार गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर पैसेही वाचले असते आणि अंगठ्याला फोडही आले नसते.

१. आधी सामान जमवा

- टेकन ७ साठी: प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन किंवा बरा कॉम्प्युटर. हा गेम २०१७ चा आहे. शिकायला उत्तम, आणि जुनी डिस्क स्वस्तात मिळते.
- टेकन ८ साठी: प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज किंवा चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर. आला जानेवारी २०२४ मध्ये.
- कंट्रोलर: आहे तोच चालेल. महागडी आर्केड स्टिक पहिल्या वर्षी घेऊ नका.
- लॅन केबल. वायफायवर विसंबू नका.
- एक दोनशे पानी वही. हसू नका, पुढे लागणार आहे.

इथं पहिला सापळा. टेकन ८ प्लेस्टेशन ४ वर चालत नाही. गावातल्या एका दुकानदारानं मला "चालतोय की, घेऊन जावा" म्हणत डिस्क दिली आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायला काचकूच केली. डब्याच्या वर कुठलं मशीन लिहिलंय ते स्वतः वाचा.

दुसरा सापळा जुन्या डिस्कचा. टेकन ७ मधली ॲना, झाफिना, कुनिमित्सू, लिडिया ही मंडळी नंतर वेगळे पैसे मोजून घ्यायची होती. जुन्या डिस्कबरोबर ती येत नाहीत. यूट्यूबवर लिडिया बघून डिस्क आणाल आणि यादीत तिचा चौकोनच दिसणार नाही.

खानापूरकडच्या किंवा चंदगडच्या बाजूच्या गावांत राहणाऱ्यांसाठी एक सांगते. टेकन ८ ला साधारण १०० जीबी जागा लागते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर तो उतरवायचा म्हटलं तर पावसाळा उलटून जाईल. कॉम्प्युटरवर स्टीम वापरत असाल, तर शहरात फायबर असलेल्या मित्राकडे गेम उतरवून घ्या, स्टीममधूनच त्याचा बॅकअप हार्ड डिस्कवर काढा आणि घरी येऊन तो चढवा. गेम मात्र तुमच्या खात्यावर विकत घेतलेला पाहिजे.

२. बटणांचे आकडे पाठ करा

टेकनमध्ये चार बटणं म्हणजे चार हातपाय. डावा हात १, उजवा हात २, डावा पाय ३, उजवा पाय ४. प्लेस्टेशनवर चौकोन १, त्रिकोण २, फुली ३, गोल ४. जगभरचे खेळाडू याच आकड्यांत बोलतात. "खाली १ अधिक २" म्हटलं की खालची दिशा धरून चौकोन आणि त्रिकोण एकदम. दोन दिवसांत सवय होते.

३. 'तगडी' म्हणजे कशात तगडी, ते आधी ठरवा

कथेतली ताकद वेगळी आणि हातातली ताकद वेगळी. इथंच निम्म्या लोकांचा घोळ होतो.

कथेत बघाल तर जून काझामा. टेकन २ मध्ये ती वन्यजीवांच्या रक्षणासाठी काम करणारी अधिकारी म्हणून आली, कथेचा नायक जिन याची आई झाली आणि मग इतकी वर्षं मुख्य कथेतून गायब होती की लोकांनी तिला मेलेलीच धरलं. टेकन ८ मध्ये परतली. तिच्यासमोर काझुमी मिशिमा: कथेतल्या भांडखोर मिशिमा घराण्यातल्या हेहाचीची बायको, काझुयाची आई, टेकन ७ चं सगळं रामायण जिच्यापाशी सुरू होतं ती. कथेच्या मापानं या दोघींपुढे बाकीच्या बऱ्याच जणी किरकोळ.

स्पर्धेत बघाल तर हिशेब बदलतो. लाहोरचा नावाजलेला टेकनपटू अर्सलान ॲश यानं २०१९ मध्ये इव्हो जपान आणि अमेरिकेतली इव्हो अशा मारामारीच्या गेमच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा मारल्या, तेव्हा काझुमी हे त्याचं हुकमी पान होतं. टेकन ८ मध्ये तो नीनासाठी ओळखला जातो. 'पोरीचं कॅरेक्टर' म्हणून नाक मुरडणाऱ्या पोरांना मी हे ऐकवते. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणीच्या नावाच्या, आमच्या बेळगावच्या चन्नम्मा सर्कलला वळसा घालून रोज घरी जायचं आणि पोरीचं कॅरेक्टर घ्यायला लाजायचं, हे मला तरी कळत नाही.

आणि तिसरं, तुमच्या हाताला कुठली तगडी. अर्सलानची नीना माझ्या हातात आली की तिचं शेळपट होतं. नव्या माणसानं हाच हिशेब धरावा.

इंटरनेटवर 'टिअर लिस्ट' नावाच्या, कोण किती जोरदार ते क्रमानं लावलेल्या याद्या मिळतात. त्या बघाच, पण तारीख वाचून. प्रत्येक अपडेटला जोर कमी-जास्त होतो. टेकन ८ आला तेव्हा त्यातल्या अझुसेना नावाच्या बाईच्या धावत येऊन मारायच्या हल्ल्यानं लोक रडकुंडीला आले होते. पुढे तिला आवर घातला गेला. त्या काळच्या यादीवर जाऊन आज तिला निवडलीत तर फसाल.

४. एकीला निवडा

एकच. भाचीनं पहिल्या आठवड्यात सात जणी बदलल्या आणि सातही जणी घेऊन हरली.

शाओयूपासून सुरू करते, माझी जुनी आहे म्हणून. १९९७ च्या टेकन ३ मध्ये आलेली चिनी पोरगी, स्वप्न काय तर स्वतःचं अम्युझमेंट पार्क काढायचं. ही अंगचोर पैलवान. खाली १ अधिक २ दाबलं की जमिनीलगत एवढी दबते की वरचे वार डोक्यावरून जातात आणि कधीकधी मधलेही हुकतात. शिवाय समोरच्याकडे पाठ करून उभी राहते आणि पाठमोरीच मारते. बघायला मजा, खेळायला त्याहून. पण नव्या माणसाला तिची एक वाईट सवय लागते, सारखं चुकवत राहायची. अडवायचं शिकायचं राहूनच जातं. मला ती सवय मोडायला दोन वर्षं लागली. म्हणून पहिली म्हणून शाओयू नको, दुसरी म्हणून खुशाल घ्या.

आसुका काझामा ही माझी नव्यांसाठीची शिफारस. टेकन ५ पासून आहे. ओसाकाची, जिनची चुलत-मामेतली कुणीतरी बहीण, गल्लीतली भांडणं सोडवायला जाऊन स्वतःच चार ठेवून देणारी. बेळगावच्या अनगोळ-वडगावात अशी एक तरी असतेच. तिचं वैशिष्ट्य प्रतिडाव. मागे धरून १ अधिक ३ किंवा २ अधिक ४ दाबलंत आणि त्याच क्षणी समोरच्याचा वरचा किंवा मधला वार आला, तर ती त्याचा हातच धरून त्याला आपटते. कुस्ती बघितलेल्याला लगेच कळेल: समोरचा पट काढायला आला की त्याच्याच जोरावर त्याला पालथा घालायचा. बटणं बडवणाऱ्यासमोर हा डाव म्हणजे औषध. मात्र खालचा वार त्यानं धरता येत नाही, आणि समोरच्यानं थांबून पकड टाकली तर तुम्ही अलगद सापडता. दर दोन सेकंदाला प्रतिडाव टाकणारी आसुका दोन फेऱ्यांत ओळखू येते.

नीना विल्यम्स. आयरिश, पेशानं मारेकरी, पहिल्या टेकनपासून प्रत्येक मुख्य भागात आहे. टेकन २ आणि ३ च्या मधे कथा जवळजवळ वीस वर्षं पुढे जाते. एवढा काळ तिला गोठवून ठेवलं होतं, म्हणून वय दिसत नाही. बहीण ॲनाशी हाडवैर. खेळायला ही सगळ्यात कसदार बाई असं माझं मत आहे आणि ते बदलायची मला गरज वाटलेली नाही. तिच्या साखळी पकडी बघा: एक पकड लागली की तिच्यातूनच दुसरी, दुसरीतून तिसरी, हात पिरगाळत पिरगाळत नेते. प्रत्येक कडीची बटणं वेगळी आणि वेळ नेमकी. समोरच्याला प्रत्येक कडीला सुटायची संधी असते, पण कुठल्या बटणानं ते त्यालाही पाठ पाहिजे. मी एका पावसाळ्यात फक्त दोन साखळ्या बसवल्या. संध्याकाळी सात वाजता लाईट जायची, आठला यायची, आणि तेवढ्या तासात बोटं विसरलेली असायची. नीना रियाज मागते. वेळ असेल तर तिच्या वाटेला जा.

रेइना टेकन ८ मध्ये नवी आली. मिशिमा घराण्याचे डाव आणि त्यात तायदो या जपानी युद्धकलेचे पवित्रे. मिशिमांचा तो प्रसिद्ध वीज मारणारा ठोसा तिच्याकडे आहे: पुढे, बोट सोडा, खाली, मग खाली-पुढे आणि २ हे दोन्ही एकाच फ्रेममध्ये. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला ६० फ्रेम असतात, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. जमला तर समोरचा हवेत, चुकला तर साधाच ठोसा. हाताला लागायला महिने जातात. पोरं सगळ्यात आधी हिलाच घेतात, कारण दिसायला झोकात आहे.

अझुसेना पेरूची, कॉफीवाली, मिश्र मार्शल आर्ट्स खेळते. पुढे पुढे जात राहणाऱ्याला बरी, आणि बटणं थोडी चुकली तरी सांभाळून घेते. लिली मोनॅकोतल्या श्रीमंत घरची, २००५ पासून आहे, लाथा डौलदार आणि बाजूला सरकण्यात तरबेज. भाचीनं शेवटी हिला निवडलं, फ्रॉक आवडला म्हणून. कारण म्हणून मला हे पूर्ण मान्य आहे. आवडती बाई असली की हरून हरूनही माणूस परत बसतो.

अलिसा यंत्रमानव, हातातून करवती काढते, स्वतःचं डोकं काढून बॉम्ब म्हणून हातात देते. झाफिनाचे कोळ्यासारखे रांगायचे पवित्रे फार चमत्कारिक. दोघी नंतर बघा. टेकन ७ असेल तर कातारिना अगदी सोपी, पहिल्या आठवड्यात हात बसतो. काझुमीही त्याच भागात आहे. टेकन ८ मध्ये तिला घेऊन खेळता येत नाही.

जाता जाता एक गंमत. नव्या टेकनमध्ये जो तो आपापल्या भाषेत बोलतो. लिली फ्रेंचमध्ये विचारते, आसुका जपानीत उत्तर देते, अझुसेना स्पॅनिश बोलते, आणि कुणाचंच अडत नाही. बाहेरचे लोक म्हणतात, हे कसं शक्य आहे? बेळगावच्या खडेबाजारात अर्धा तास उभे राहा म्हणावं. गिऱ्हाईक मराठीत भाव करतंय, दुकानदार कन्नडमध्ये नाही म्हणतोय, आणि सौदा पटलेला असतो.

५. पहिले पंधरा दिवस फक्त पाच गोष्टी

प्रत्येकीच्या डावांची यादी शंभराच्या घरात जाते. ती वाचत बसू नका. सरावाच्या खोलीत जा आणि आपल्या बाईचे एवढेच शोधा:

१. सगळ्यात वेगवान ठोसा. बहुतेकांचा साधा १, दहा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात लागणारा.
२. मधला वार, जो खाली बसलेल्यालाही लागतो.
३. खालचा वार, जो उभ्यानं अडवता येत नाही.
४. समोरच्याला हवेत उडवणारा वार.
५. उडवल्यावर मारायचा एक कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग जोडलेले वार. सोप्यातला सोपा. गेममध्येच नमुने दिलेले असतात.

वही आता काढा. एका पानावर हे पाच, आकड्यांत. कॉम्बो रोज वीस वेळा डावीकडून आणि वीस वेळा उजवीकडून. इथं बरेच जण चुकतात: डाव्या बाजूनं हात बसवतात आणि सामन्यात बाजू बदलली की बोटं गोंधळतात.

टेकन ८ मध्ये एका बटणानं चालू होणारी 'स्पेशल स्टाइल' आहे. तिच्यात एकेक बटण दाबून कॉम्बो आपोआप होतात. पाहुण्यांसाठी ठीक. तुम्ही तिच्यावर राहिलात तर सहा महिन्यांनी तिथंच असाल.

६. अडवायला आणि सुटायला शिका

मार्गदर्शक लेखांत हे शेवटी आणि दोन ओळींत असतं. माझ्या मते सगळा खेळ इथं आहे.

काही न दाबता उभं राहिलं किंवा मागे धरलं की वरचे आणि मधले वार अडतात. खालच्या वारासाठी बसून अडवावं लागतं, आणि बसलात की मधला वार लागतो. वरचा वार बसलेल्याच्या डोक्यावरून जातो. एवढ्यातच सगळी खडाखडी चालते. नवा माणूस घाबरून खाली बसूनच राहतो. तसं करू नका. मधल्या वारानं उडवलं तर अर्धा जीव जातो, खालच्या वारानं सहसा थोडाच. म्हणून उभं राहणं ही मूळ सवय, बसणं ओळखून.

अडवल्यावर पुढचं: समोरच्याचा मोठा वार तुम्ही अडवलात की तो क्षणभर उघडा पडतो. त्या क्षणी दहा फ्रेमचा ठोसा ठेवून द्यायचा. कुठल्या वारानंतर किती वेळ मिळतो ते सरावाच्या खोलीत फ्रेमचे आकडे चालू केले की दिसतं. 'पनिशमेंट ट्रेनिंग' नावाचा भाग यासाठीच आहे. आठवड्याला एकाच खेळाडूचा अभ्यास करा, सगळ्यांचा नको.

पकड सुटायची असेल तर हात बघा. साधी पकड १ किंवा २ कुठल्याही बटणानं सुटते. खास पकडींना डावा हात पुढे आला तर १, उजवा आला तर २, दोन्ही आले तर १ अधिक २. पहिले दोन महिने डोळ्याला हात दिसतच नाही. मला वाटायचं आपल्याला चष्मा लागलाय. नंतर एके दिवशी दिसायला लागतो.

७. ऑनलाइन जाण्याआधी

आधी माणसं शोधा. शेजारचा, कॉलेजातला, चुलत भावंडं, कुणीही. एकाच सोफ्यावर बसून हरल्यावर समोरचा सांगतो की तू दर वेळी उठताना लाथ मारतेस. इंटरनेटवरचा सांगत नाही.

ऑनलाइन गेलात की समोरच्याच्या नावाजवळ जोडणीच्या रेघा आणि वायफाय की केबल ते दिसतं. सुरुवातीला कमी रेघांचे सामने नाकारा, त्यात लाज नाही. अडखळत्या जोडणीवर शिकलेली वेळ चुकीची बसते. पावसाळ्यात इन्व्हर्टरवर टीव्ही आणि गेम एवढंच न ठेवता राउटरही ठेवा. मी टीव्ही जोडला होता आणि राउटर नाही. लाईट गेली, चित्र राहिलं, सामना गेला.

आवाज चालू ठेवणाऱ्या पोरींसाठी एक खास. आपल्या बेळगावकडे बायकाही 'मी आलो, मी खेळतो' म्हणतात. भाची पुण्याच्या एका मुलाशी खेळताना "थांब, मी पाणी पिऊन येतो" म्हणाली, तर तो तासभर तिला 'भावा' म्हणत होता. मी लिहिताना 'आले, गेले' लिहिते, पण कंट्रोलर हातात असला की मीही 'मेलो!' असंच ओरडते. ओळख सांगायची की नाही हे तुमच्यावर. अनोळखी माणसाला खरं नाव, शाळा, गल्ली मात्र सांगू नका, आणि कुणी घाण बोलला तर उत्तर न देता ब्लॉक करा.

रोज दहा सामने ठरवून खेळा. दहा झाले की उठा. त्यातला सगळ्यात वाईट हरलेला एक सामना रिप्लेमध्ये परत बघा. टेकन ८ मध्ये रिप्ले मधेच थांबवून कंट्रोलर आपल्या हातात घेता येतो, आणि जिथं मार खाल्ला तिथं दुसरं काय करता आलं असतं ते करून बघता येतं. एवढी चांगली सोय माझ्या वेळी असती तर निपाणीच्या त्या एडीचं काही खरं नव्हतं. बघून झालं की वहीत एकच ओळ लिहायची, आज कशानं हरलो ती. भाचीच्या वहीत पहिल्या अकरा दिवसांची ओळ एकच आहे: 'खाली बसून राहिलो.' बाराव्या दिवशी लिहिलंय, 'उभा होतो, तरी लाथ लागली. कुठली ते आत्याला विचारायचं.'